अर्धा आरसा

त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखावर, अगदी कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा चंदेरी डाग होता. रंग नव्हे, रंग इतका सपाट बसत नाही. तो हात हलवायचा तेव्हा छतावरच्या ट्यूबलाइटची एक बारीक रेघ त्या डागात यायची आणि निसटून जायची. म्हणजे आरसा. केसाच्या जाडीचे हजार पापुद्रे काढले तर त्यातल्या एकाएवढा... एलिसाने मनातल्या मनात अंदाज बांधला. ॲल्युमिनियम असावं.

"मॅडम, कोण पाहिजे?" नखाच्या मालकाने विचारलं.

एलिसा दचकली. केसांतून पाणी निथळत होतं, छातीशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला घरच्या विहिरीवरच्या पंपाचा एक जड भाग होता, आणि ती एका अनोळखी माणसाच्या अंगठ्याकडे टक लावून उभी होती.

"पंप दुरुस्त करतात ते—"

"ते शेजारी. पण आज बंद. त्यांच्या गाळ्यात पाणी शिरलंय."

"आणि तुमच्या?"

"आमच्यात शिरायचंय अजून. तोवर आत या."

वसई पूर्वेच्या त्या औद्योगिक वसाहतीत जुलैचा पाऊस पत्र्यांवर असा कोसळत होता की पलीकडच्या गाळ्याची पाटीही वाचता येत नव्हती. इथे आत मात्र सगळं चकाकत होतं. अत्तराच्या बाटल्यांची झाकणं, फळीमागून फळी, खिळ्यांवर ओळीने उभी. आणि मागच्या भिंतीशी कपाटाहून मोठं एक पोलादी पिंप, त्याला जाड काचेची गोल खिडकी.

एलिसाने हातातलं ओझं टेबलावर ठेवलं. ती त्या पिंपाकडे चालत गेली, कुणी बोलावल्यासारखी.

"हे व्हॅक्यूम चेंबर आहे?"

"तुम्हाला काय वाटलं, इडलीचं भांडं?"

"हवा काढून घेता, आणि मग आत ॲल्युमिनियमची वाफ करता. बरोबर?"

"इथे येणारे लोक भाव विचारतात," तो म्हणाला. "वाफेची चौकशी पहिल्यांदाच होतेय."

तो आता हसत नव्हता; नीट बघत होता तिच्याकडे. एलिसाने ओढणीने चष्मा पुसला. ओढणीही ओलीच होती, त्यामुळे चष्मा आणखी धुरकट झाला, आणि त्या धुरकटपणाच्या आडून तिला विचारायला सोपं गेलं.

"माझ्या काचेवर आरसा चढवून द्याल? छोटी काच आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढी."

"वटारकडच्या का तुम्ही?"

"हो. कसं ओळखलंत?"

"बोलण्यावरून. वटारला माझी आत्या दिलीय."

"वसईत अशी जागा आहे का, जिथे कुणाची आत्या दिलेली नाही?"

"आहे ना. उमेळं. मी तिथला. आमच्याकडे आत्या येत नाहीत, बिल्डर येतात." त्याने चंदेरी नखाचा हात पुढे केला. "एरॉल."

तिने हात मिळवला. तो पाण्याने थंड होता. पाणी तिचंच होतं.

◆

एलिसा मुंबईच्या एका संस्थेत प्रकाशावर काम करत होती. पीएचडी संपत आली होती. एक शोधनिबंध अडला होता: परीक्षकांनी आणखी नमुने मागितले होते, आणि नमुन्यांवर आरसा चढवणारं संस्थेतलं यंत्र नेमकं बंद पडलं होतं. त्याचा सुटा भाग परदेशातून यायचा होता. तो येत होता, येत होता... आणि येत नव्हता.

म्हणून दर शनिवारी ती स्कूटरवरून वटारहून वसई पूर्वेला जाऊ लागली. पायाशी जेवणाचा डबा. डब्यात काचेचे चिमुकले तुकडे. तळाला चांदीचा आरसा, त्यावर नारिंगी रंगाचा एक पातळ थर. वरचा आरसा तेवढा बाकी.

"डब्यात काय आनलंय?" पहिल्याच दिवशी हंसाताईंनी विचारलं होतं. हंसाताई खाडीकाठच्या गावातून यायच्या, झाकणं खिळ्यांवर बसवायच्या, आणि गाळ्यात कुणी काय बोललं याची पूर्ण खबर ठेवायच्या.

"काचा."

"अगो बाय! मना वाटला सुकट हाय."

काम तसं पळभराचं. टंगस्टनच्या वेटोळ्यावर ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा लटकवायचा, दार लावायचं, हवा काढायची, वीज सोडायची. तार लख्ख पेटते, वितळते, वाफ होते, आणि आतल्या प्रत्येक वस्तूवर आरसा बसतो. वेळ लागतो तो हवा काढायला. पावसाळ्यात तर फारच. चेंबरच्या भिंती दमट हवेतलं पाणी धरून ठेवतात. पंप धापा टाकत ते ओढत राहतो आणि आतला दाब दाखवणारा काटा हलता हलत नाही.

तोवर करायचं काय? बोलायचं.

"दोन आरशांच्या मध्ये रंग," ती सांगायची. "प्रकाश आत गेला की रंगाचे रेणू तो गिळतात. मग परत सोडतात. तो पळायला बघतो, तर समोर आरसा. परत येतो. परत गिळतात."

"बिचारा."

"कोण? प्रकाश की रेणू?"

"ते तुम्ही ठरवा. मी झाकणवाला."

"एरवी काय होतं, प्रकाश थोड्या फेऱ्या मारतो आणि निसटतो. गेला तो गेला. पण ही देवघेव निसटण्यापेक्षा वेगाने झाली ना, तर मग आत प्रकाश आहे की रंग, हे सांगताच येत नाही. दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी होतं. अर्धं हे... अर्धं ते."

एरॉलने काट्याच्या काचेवर बोटाने टिचकी मारली. पंपाचा आवाज एकदम मोठा वाटू लागला.

"आणि तसं झालंय हे कळतं कसं?"

"आलेखावर रंगाचं एकच शिखर असतं. त्या जागी दोन दिसतात. एक वर सरकतं, एक खाली."

"म्हणजे एकत्र आले, आणि लगेच दोन दिशांना तोंडं करून बसले. आमच्याकडे जेवताना असंच असतं."

ती हसली. मग घाईने म्हणाली, "आणि तसे पुष्कळ जमले की सगळे एका सुरात येतात. त्याचा लेझर होतो. बहुतेक पदार्थांना हे साधायला भयानक थंडी लागते. सेंद्रिय रंगांना नाही. त्यांना साधी खोलीतली हवा चालते."

"म्हणजे वसईत नांदेल," एरॉल म्हणाला.

तो हे रंगाबद्दलच बोलला होता. नक्की रंगाबद्दलच. तरी एलिसाने उगाच उठून काट्यावरचा आकडा पाहिला, आणि बघूनही तिला तो कळला नाही.

वीज सोडायची वेळ झाली की दोघं त्या गोल खिडकीशी जायचे. खिडकी एका माणसासाठी केलेली. दोन डोकी तिथे मावायची ती कान कानाला लावूनच. आत तार पेटायची, पांढरा लोळ उठायचा, त्याच्या गालावर उजेड यायचा... आणि संपायचं. दोघं तरी क्षणभर तसेच राहायचे, जणू आणखी काही व्हायचं होतं.

तारेचा तुकडा मात्र ती स्वतः कापायची. नखाएवढा. त्याहून जास्त नाही.

"एवढ्याने काय होतंय?" एरॉल दर वेळी म्हणायचा. "फिक्का बसेल. असा माल मी पाठवला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल."

"मला फिक्काच हवा."

"तुमची मर्जी, मॅडम."

कधीतरी सप्टेंबरमध्ये 'मॅडम' गेलं आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. नेमकं कोणत्या दिवशी, ते मोजमापाची एवढी सवय असूनही एलिसाला सांगता आलं नसतं.

एका शनिवारी ऊन पडलं होतं. स्वच्छ, कोरडं. तरी काटा हलेना. एलिसा येरझारा घालत होती.

"आज का एवढा वेळ लागतोय? सील गेलंय का?"

एरॉल खाली वाकून कसलातरी बोल्ट तपासू लागला. हंसाताईंनी झाकण खिळ्यावर दाबलं.

"सील बिल काय नाय," त्या म्हणाल्या. "काल रातच्याला पानी परलं, आन् शेठनी चेंबरचं दार सताड उघडं ठेवलं. मी म्हटलं, लावून घ्या. तर म्हनतात, राहू दे हंसाताई, हवा खाऊ दे त्याला."

बोल्ट तपासणारा माणूस मान वर करेना. त्याचे कान मात्र लाल झाले होते, आणि एलिसाला ते मागून स्वच्छ दिसत होते.

◆

बोलावणं आलं ते त्याच सुमारास. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेतून: दोन वर्षांचं काम, जानेवारीपासून. हेच काम, याच आरशांचं. पण तिथे यंत्रं चालू होती आणि लेझर प्रत्यक्ष चमकत होते. चार वर्षं ती ज्याची वाट पाहत होती ते हेच.

तिने उत्तर दिलं नाही. आधी मुदत मागितली. मग पुन्हा मागितली. तिथल्या प्राध्यापकांनी सभ्यपणे कळवलं की आता ऑक्टोबरच्या शेवटापर्यंतच.

घरात कुणी अडवत नव्हतं, हीच अडचण. पप्पा, ज्युलियस, केळीच्या वाडीतून आल्यावर हात धुता धुता म्हणायचे, "जा की. आम्ही काय म्हातारे झालोत?" आई, आल्बिना, फक्त एवढंच विचारायची, "काय ठरवलंस?" आणि भाजी परतत राहायची. कुणी भांडलं असतं तर त्याच्याविरुद्ध ठरवता आलं असतं. आता भांडायला ती स्वतःच उरली होती. ती जेवताना पाय हलवायची. पुस्तक उघडून मिटायची. अंगणातून विहिरीपर्यंत जायची आणि कशासाठी आलो ते विसरून परत फिरायची. रात्री जायचं ठरवलं की सकाळी राहायचं ठरायचं. दोन भिंतींमध्ये काहीतरी सारखं आपटत होतं, आणि ते कुठून बाहेर काढावं हे तिला माहीत नव्हतं.

तिने एरॉललाही सांगितलं. पंप चालू होता. ती काट्याकडे बघत म्हणाली, "मला जर्मनीला बोलावलंय. दोन वर्षं."

एरॉलने हातातला पाना खाली ठेवला. मग उचलला.

"छान की," तो म्हणाला.

बस्स. छान की. तिने वाट पाहिली. तो गेज तपासायला गेला, जे अगदी व्यवस्थित चालू होतं.

परतीच्या वाटेवर, सोपाऱ्याच्या आसपास, स्कूटर चालवता चालवता ती मोठ्याने म्हणाली, "छान की! म्हणे छान की!" सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्याने मान वळवून पाहिलं.

◆

शेवटच्या नमुन्याच्या दिवशी तिला संस्थेत थांबणं भाग होतं. तिने आदल्या संध्याकाळी डबा गाळ्यावर दिला.

"मागच्यासारखंच कर," ती म्हणाली. "तुला माहितीये सगळं."

"माहितीये."

तिला आणखी काही बोलायचं होतं. त्यालाही असावं. हंसाताई डोळे विस्फारून दोघांकडे बघत होत्या. एलिसाने हेल्मेट घातलं.

दोन दिवसांनी तो नमुना तिने मुंबईला यंत्राखाली ठेवला. पांढरा प्रकाश सोडला. पडद्यावर शिखर नाही, दरी नाही. एक सपाट रेघ. तिने काच काढली, पुसली, फिरवली. पुन्हा सपाट. मग तिने ती खिडकीपाशी नेऊन डोळ्यांसमोर धरली. नारिंगी रंगाची पुसटशी झाकसुद्धा दिसत नव्हती. काचेत स्पष्ट, धारदार, एक डाग नसलेला तिचाच वैतागलेला चेहरा होता. अत्तराच्या बाटलीला शोभेल असा उत्तम आरसा.

ती त्याच दुपारी वसईला परतली आणि हेल्मेट न काढताच गाळ्यात शिरली.

"किती तार घातलीस?"

एरॉल उठून उभा राहिला. "का? खराब झाला?"

"किती घातलीस, एरॉल?"

"पूर्ण." तो चाचरला. "म्हणजे... झाकणांना घालतो तेवढी."

"मी सांगितलं होतं मागच्यासारखंच! प्रत्येक वेळी मी नखाएवढा तुकडा कापते, तो काय गंमत म्हणून? वरचा आरसा अर्धाच लागतो. थोडा प्रकाश आत गेला पाहिजे, थोडा बाहेर आला पाहिजे. तू सगळं बंद करून टाकलंस. आत कदाचित सगळं घडत असेल, जे हवं तेच घडत असेल— पण बाहेर कळायला मार्गच नाही! काय उपयोग त्याचा?"

पलीकडे झाकण बसवण्याचा टकटक आवाज थांबला होता. हंसाताई पदर सावरत उठल्या, "मी चाय सांगून येते," म्हणाल्या, आणि कधी नव्हे ते खरंच बाहेर गेल्या.

"मुद्दाम नाही केलं," एरॉल म्हणाला.

"मग?"

"तुझा तुकडा कापला होता मी. नखाएवढाच. लावणार होतो." तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "मग वाटलं, हा शेवटचा. यानंतर तू शनिवारी येणार नाहीस. इतका नाजूक रंग, कुठे कुठे जाणार, कोण कसा हाताळणार... आमच्यात चांगल्या मालाला भरपूर चढवतात, एलिसा. निघू नये, झिजू नये म्हणून. हात थांबलाच नाही माझा."

एलिसाने हेल्मेट काढलं. केस चेहऱ्यावर आले. ते तिने तसेच राहू दिले.

"आणि 'छान की' म्हणालास त्याचं काय?" तिचा आवाज आता खाली आला होता. "ते पण भरपूर चढवलं होतंस?"

तो एकदम हसला. पण हसू टिकलं नाही.

"तू तरी काय वेगळं करतेस? मी काही विचारलं की उठून काटा बघतेस."

"तू विचारलंस कधी?"

"दार उघडं ठेवायचो ना रात्रभर!"

बाहेर परतीच्या पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर पडू लागले होते. एक इथे, एक तिथे.

"थांब म्हणणार नाही मी," एरॉल म्हणाला. "म्हणालो तर कदाचित थांबशील. आणि मग दर वेळी ट्यूबलाइट लागली तरी तुला तिकडचा लेझर आठवेल. मला तसली एलिसा नको. आणि मी तिकडे येऊ शकत नाही. बाबा गेल्यापासून हा गाळा मी उभा केलाय, मला हे काम आवडतं. पण तू नसलीस तर..." तो अडखळला. "तुझ्याशिवाय मला शनिवार नकोय. कुठलाच वार नकोय. हे सांगायचं राहून गेलं होतं. झालं सांगून."

तो घामाघूम झाला होता, जणू चेंबर हाताने उचलून ठेवलं होतं. एलिसाने हेल्मेट टेबलावर ठेवलं. कित्येक आठवडे आपटत असलेलं ते काहीतरी थांबलं नव्हतं, पण त्याला आता एक ताल आला होता.

"संस्थेतून येताना एक जादा काच आणलीये," ती म्हणाली. "कोरी नाही. रंग लावलेली. कात्री दे."

तिने तुकडा कापला, त्याने वेटोळ्यावर लटकवला. तिने काच बसवली, त्याने दार लावून पंप चालू केला. हंसाताई चहा घेऊन आल्या, दोघांकडे आळीपाळीने पाहून पेले टेबलावर ठेवले, आणि झाकणांच्या ढिगामागे जाऊन बसल्या. टकटक मात्र केली नाही. पाऊस वाढला. काटा कूर्मगतीने सरकत होता. आज दार कुणी उघडं ठेवलं नव्हतं. हवाच तशी होती.

एलिसा उठली. ती काट्याकडे गेली नाही.

"एरॉल, मला काहीतरी सांगायचंय."

तो पंप बंद करायला वळला, म्हणजे नीट ऐकू येईल. बटणापर्यंत पोचलेलं त्याचं मनगट तिने धरलं.

"राहू दे चालू. आता बंद केलास तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"मग ऐकू कसं येणार?"

"मोठ्याने बोलते की."

मनगट तिने सोडलं नाही. त्याची नाडी तिच्या बोटांखाली धावत होती. तिची स्वतःची त्याहून वेगाने. तिने श्वास घेतला, आणि पंपावरून, पावसावरून, गाळ्याच्या पार टोकाला बसलेल्या हंसाताईंनाही एकेक शब्द ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मी आज रात्री जर्मनीला 'हो' कळवतेय. जानेवारीत जातेय. आणि रविवारी आपण दोघं फादरांकडे जातोय, कारण आगमनकाळ लागला की नाताळपर्यंत लग्न लागत नाही, आणि लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये आपली नावं वाचून व्हायला हवीत. मी दोन वर्षांनी परत इथेच येणार आहे. मी जाणार आहे, एरॉल— आणि लग्न करून जाणार आहे. तुझ्याशी."